कोरं नाव

१

आमच्या सुनेने मला एका दिवसात अख्खा महिना जगायला लावला, आणि वर म्हणाली, नाना, जरा हसून जगा.

सुनेचं नाव नूतन. धुळ्याची. शिकलेली आहे, म्हणजे माझ्यासारखी सातवीत दोनदा बसलेली नाही. आमचं जळगावात केळी वेफर्सचं दुकान. पुढे कढई आणि काउंटर, मधे एक खोली, मागे घर. मधल्या खोलीत केळीचे घड आणि तेलाचे डबे. खिडकी नाही. एक दार दुकानात उघडतं, एक स्वयंपाकघरात.

आता धंदा म्हटला की व्हिडिओ पाहिजे, असं नूतनचं म्हणणं. रोज एक. मी म्हटलं, बाई, सकाळी साडेसहाला केळी सोलायला बसतो तो रात्री कढई घासूनच उठतो, रोजचा व्हिडिओ काय झोपेत करू? तर तिने तोडगा काढला. गुरुवारी दुकान बंद असतं. एका गुरुवारी बसायचं आणि महिन्याचे तीस एकदम काढून ठेवायचे. मग रोज अकराला एकेक सोडायचा. लोकांना वाटतं म्हातारा रोज ताजा ताजा बोलतोय. याला ती बॅच म्हणते. मी म्हटलं, बॅच आम्हालाही ठाऊक आहे, कढईतून निघते ती. ती हसली नाही. हसायचं काम माझ्याकडे होतं.

मधल्या खोलीत दोरी बांधून सात शर्ट टांगले. सोमवारचा निळा, मंगळवारचा हिरवा, असे साती वार. एक शर्ट घालायचा, केस विंचरायचे, स्टुलावर बसायचं, नूतनने आणलेल्या गोल दिव्याच्या मधल्या भोकात, जिथे फोन अडकवलेला, तिथे बघायचं, बोलायचं, शर्ट काढायचा. पुढचा वार. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि खोलीत कूलर बंद, पंखा बंद, दोन्ही दारं बंद. आवाज येतो म्हणून. मी विचारलं, श्वास घेतलेला चालेल का? म्हणाली, हळू घ्या.

कधी स्कूटरवाला हॉर्न मारी, पुन्हा करा. कधी माझी जीभ अडखळे, पुन्हा करा. कधी सगळं बरोबर होई आणि मग कळे की फोन भरलाय. दहाव्या व्हिडिओला माझं डोकं फिरलं. बोलता बोलता मान टाकली, जीभ बाहेर काढली आणि स्टुलावरून खाली घसरलो. नूतनच्या हातातली वही पडली. तिने किंचाळून घर डोक्यावर घेतलं. आमची कमलबाई, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून पळत आली, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पोळी लाटायला परत गेली. शेहेचाळीस वर्षांत मी तिच्यासमोर निदान नऊ वेळा मेलोय.

हे आधीच सांगून ठेवतो. पुढे माझ्यावर कोणी विश्वास का ठेवला नाही, ते मग वेगळं सांगायला नको.

२

नावाची भानगड त्याच सकाळची.

माझं नाव उखर्डू. साक्रीच्या पलीकडे आमचं गाव. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, तो दीड वर्षाचा होऊन तापाने गेला. म्हणून मी झालो तेव्हा मला उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या बेबाबाईने उचललं आणि आईच्या ओटीत टाकलं, घे, सापडलं. अशा कचऱ्यातल्या पोराला न्यायला कोणी हात लावत नाही म्हणतात. नाव पडलं उखर्डू. मला काही वाईट वाटत नाही. एकोणसत्तर वर्षं चाललंय नाव, अजून कुठे झिजलं नाही.

पण नूतन अडून बसली. खायची वस्तू आणि नाव उकिरड्याचं, लोकांना कसंतरी वाटतं नाना. काहीतरी गोड नाव सांगा, व्हिडिओपुरतं.

आता मला काय सुचावं. मी म्हटलं, आमच्या घरात एक नाव कोरं पडून आहे, पुरतं वापरलंच नाही कोणी. भागवत. माझ्या थोरल्या भावाचं. दीड वर्ष वापरलं फक्त. घे, नवंच आहे.

नूतनला आवडलं. भागवत नाना. वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

कमलबाई दारात डाळ निवडत होती. सुपातला हात थांबला. "ते नाव आपलं नही," ती म्हणाली. "ते गयेल शे."

मी म्हटलं, गेलंय कुठे, इथेच तर होतं, फडताळावर. आणि नूतनकडे बघून डोळा मारला.

मग त्या दिवसात मी तीस वेळा म्हटलं, नमस्कार मंडळी, मी भागवत नाना. चुकलेले धरले तर साठ-सत्तर वेळा असेल. शेवटी शेवटी तर ते आपोआप यायला लागलं. तोंड उघडलं की ते तयारच.

३

काम आटोपलं. नूतनने वहीतल्या खुणा मोजल्या. तीस. मग फोनमधले मोजले. एकतीस.

म्हणाली, एखादा फुकट गेलेला राहिला असेल. एकेक बघत गेली. शेवटचाच होता तो. आम्ही दोघं उभ्याउभ्या बघायला लागलो.

स्टुलावर मी. मागे केळीचे घड. अंगात पांढरा शर्ट. मी बोलत नव्हतो. नुसता समोर बघत होतो, कोणीतरी हाक मारणार आहे आणि आपण ऐकायला बसलोय, तसा. चाळीस सेकंद असा. मग हसलो.

दोरीवर पांढरा शर्ट नव्हता. सात वार सात रंग, त्यात पांढरा नाही. पण मी म्हटलं, मधे बंडीवर बसलो असेन, फोन चालूच राहिला असेल. घामाने बंडी अंगाला चिकटली की शर्टासारखी दिसू शकते. नूतनला पटलं. मलाही पटलं, जवळजवळ.

दात मात्र राहिले. माझे वरचे पुढचे दोन दात नाहीत. अकराव्या वर्षी चिंचेवरून पडलो तेव्हा ते तिथेच राहिले. त्या व्हिडिओतलं हसू भरलेलं होतं. सगळे दात, ओळीने.

नूतन म्हणाली, अय्या, फोनने दात बसवले तुम्हाला. हल्लीचे फोन तोंड घासूनपुसून दाखवतात म्हणे, सुरकुत्या काढतात, गोरं करतात. मग दात का नाही बसवणार? मी म्हटलं, फोनला सांग, गुडघे पण बदलून दे.

तिने तो पुसून टाकला. माझ्या डोळ्यांसमोर पुसला. हे मी पाहिलंय.

रात्री आरशात तोंड उघडून बघितलं. खिंड होती जागेवर. बरं वाटलं. आणि मग राग आला, की आपल्या तोंडात आपण हे काय तपासतोय.

४

आमच्या शेजारी हारुनभाई गादीवाला. तीस-पस्तीस वर्षांचा शेजार. तो कापूस पिंजतो, मी केळी तळतो, आणि मधल्या वेळेत मी त्याला पिंजतो.

व्हिडिओ सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले होते. गिऱ्हाईक वाढलं होतं, हे कबूल करतो. पोरी येत, भागवत नाना कुठेत विचारत, मी म्हणे मीच, तर माझ्याकडे नीट बघून घेत आणि म्हणत, व्हिडिओत वेगळे दिसता. मी म्हणे, व्हिडिओत आंघोळ केलेली असते.

त्या दिवशी हारुनभाई दुकानात आला तो थेट काउंटरच्या आत. डोळे भरलेले. मला मिठी मारली. माझा हात तेलाचा, झारा हातात, तरी मारली. म्हणाला, बत्तीस बरस बाद सच बोला तू, उखर्डू. मी अभी मेव्हण्याला फोन करून आलो.

मला काही कळेना. त्याने फोन काढला आणि दाखवला.

हिरव्या शर्टातला मी. तोच स्टूल, तेच घड. नमस्कार मंडळी, मी भागवत नाना, इथपर्यंत ठीक. मग तो म्हणाला, "हारुनभाई, त्या ईदला तुझी एक चप्पल मीच लपवली होती. तू उगाच मेव्हण्यावर रागावलास. माझं चुकलं." आणि हसला, सगळे दात दाखवून.

आता ही गोष्ट खरी आहे. चप्पल मीच लपवली होती. हारुन एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात बायकोची घालून नमाजाला गेला होता, आणि मी हसून हसून भिंतीला टेकलो होतो. त्याने मेव्हण्यावर संशय घेतला आणि दोघं बोलेनासे झाले. तेव्हा सांगायचं राहून गेलं, मग फार उशीर झाला. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. कमलबाईलाही नाही. आणि माझं चुकलं हे दोन शब्द तर मी शाळेत मास्तरने छडी मारूनही म्हटले नव्हते.

कढईतले वेफर्स काळे झाले. मला वासाने कळलं.

नूतनला विचारलं. ती म्हणाली, मलाही आत्ताच दिसला तो. तुम्ही माझ्या पाठीमागे फोन घेऊन काढला ना? छान झाला नाना, लोक रडतायत खाली लिहून लिहून. मी म्हटलं, मी नाही काढला. ती म्हणाली, हो का, आणि मेलात पण नव्हता ना त्या दिवशी.

मी शपथ घेतली. देवाची, मग माझ्या मुलाची, मग धंद्याची. प्रत्येक शपथेला ती जास्तच हसायला लागली.

५

मी म्हटलं, ठीक आहे. मुळावर घाव घालू. नावच काढून टाकू.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. नूतनला मधल्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, एकच व्हिडिओ काढ. मी माझं खरं नाव सांगणार आहे. ती कंटाळली होती, तिला धुळ्याला बचत गटाच्या प्रदर्शनाला जायचं होतं, त्याची पाकिटं भरायची होती. पण बसली बिचारी.

मी भोकात बघितलं. नमस्कार मंडळी, मी उखर्डू.

नूतन म्हणाली, नाना, पुन्हा भागवतच म्हणालात.

मी म्हटलं, नाही, उखर्डू म्हटलं मी. ती म्हणाली, बरं, पुन्हा करा. पुन्हा केलं. उ-खर्-डू, तोडून तोडून म्हटलं, पहिलीच्या पोरासारखं. माझ्या कानाने ऐकलं. नूतनने मान हलवली. तिसऱ्यांदा ओरडून म्हटलं. चौथ्यांदा हळू. ती आता माझ्याकडे जराशी काळजीने बघत होती. म्हणाली, ऊन लागलंय का तुम्हाला?

मग तिने फोन माझ्या कानाला लावला. चारही वेळा. नमस्कार मंडळी, मी भागवत नाना. ओरडून पण तेच, हळू पण तेच.

माणसाला सवय लागते, हे मला कळतं. सत्तर वेळा एक गोष्ट म्हटली की जिभेला वाट पडते. आपण म्हणतो एक आणि येतं दुसरं. मी स्वतःची समजूत घातली, जिभेची चूक आहे. पण मग कानांनी काय ऐकलं?

नूतनला म्हटलं, सगळे बंद कर, आजच्या आज. ती म्हणाली, नाना, महिन्याचे लावून ठेवलेत, आपोआप जातात ते, आणि आता कुठे जम बसतोय. योगेंद्रला विचारून सांगते. योगेंद्र म्हणजे आमचा मुलगा, पाइपच्या कारखान्यात पाळीवर असतो. त्याला विचारलं तर तो म्हणाला, बाबा, तुम्ही पहिल्यांदाच घराच्या कामाला आला आहात, आता नाट लावू नका.

६

नूतन दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने धुळ्याला गेली. फोन तिच्याबरोबर. दोन दिवस मुक्काम.

दुपार. योगेंद्र पाळीवर. कमलबाई मागे घरात आडवी झालेली. मी कढईवर एकटा. कढईत मिठाचं पाणी शिंपडलं की तडतड उडते, आणि मग तेल गप्प बसतं. त्या गप्प बसण्यात मला मधल्या खोलीतून ऐकू आलं.

"नमस्कार मंडळी."

थांबलं. घसा साफ केल्याचा आवाज. मग परत, जरा वेगळ्या सुरात. "नमस्कार मंडळी." मला तो आवाज ओळखू यायला किती वेळ लागावा? पण लागला. आपला आवाज आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय नसते.

तो सराव करत होता. एकाच वाक्यावर पुन्हा पुन्हा घसरत होता, आणि दर वेळी थोडा बरा होत होता.

मी मनाशी म्हटलं, व्हिडिओ वाजतोय कुठेतरी. मग आठवलं, फोन धुळ्याला. माझा फोन आहे तो बटणांचा, त्यात फक्त योगेंद्र वाजतो. मग म्हटलं, हारुनकडे वाजत असेल, भिंत एकच आहे. बाहेर डोकावलो. हारुनचं शटर खाली, कुलूप.

दाराखालून उजेड येत होता. पांढरा, गोल दिव्याचा. मी हातातला झारा पुढे धरला, जसा काही मी त्याला तळणार होतो, आणि दार ढकललं.

कोणी नव्हतं. दिवा बंद होता. अंधारात केळीचे घड आणि पिकायला लागलेल्या सालांचा वास. मी दिव्याच्या गोलाला हात लावला. गार. स्टुलाला हात लावला.

हात पटकन काढून घेतला.

एप्रिलमध्ये सगळंच तापलेलं असतं, हे मलाही कळतं. पण तेलाचे डबे गार होते, भिंत गार होती.

दोरीवर सहा शर्ट होते.

७

त्यानंतर मी मधल्या खोलीचं दुकानाकडचं दार कुलूप लावून ठेवायला लागलो. स्वयंपाकघराकडच्या दाराला कडी आहे, तीही लावायला सांगितली. कमलबाई म्हणाली, मग केळी काय कौलांतून काढू? मी किल्ली खिशात टाकली.

एक दिवस सावद्याला केळी बघायला गेलो. पहाटे निघालो, दुपारी दोनला परत. डोक्यावर ओला रुमाल, तोंडात धूळ, अडत्याने माल दाखवला एक आणि टेम्पोत भरला दुसरा, त्याच्याशी भांडून आलेलो. कधी एकदा पाणी पितो असं झालेलं.

कमलबाई पाय पसरून बसली होती. गुडघ्यावर तेल चमकत होतं. बाजूला तेलाची वाटी. आणि तिच्या तोंडावर असं काही होतं की मी पाणी मागायचं विसरलो. ती खूष होती. मी तिला हसवलेलं बघितलंय, रडवलेलं बघितलंय, चिडवलेलं तर रोजच. अशी शांत खूष कधी बघितली नव्हती.

म्हणाली, बरं वाटतंय आता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंत, गुडघा कुठे दुखतो म्हणून.

मी म्हटलं, कोणी विचारलं?

ती हसली. म्हणाली, आणि तेल पण किती हळू लावलंत. मग तिने माझ्याकडे अशा डोळ्यांनी पाहिलं की मला लाज वाटली. माझ्या वाटचं नव्हतं ते. म्हणाली, तुम्ही लहानपणचा तो ताप कधी सांगितला नव्हता मला. आई रात्रभर मांडीवर घेऊन बसली, कपाळावर कांदा धरला, दिवा विझला तरी उठली नाही. सांगता सांगता तुमचा आवाज असा बारीक झाला.

मी खाली बसलो. मला लहानपणी ताप आला नव्हता. मी उकिरड्यावरचा, मला काही होत नसे. आई कौतुकाने सांगायची सगळ्यांना, याला शिंकसुद्धा येत नाही.

"मग पुढे काय झालं म्हणालो?" मी विचारलं.

"पुढलं तुम्ही सांगितलं नही," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. स्टूल, शर्ट, दात, हारुनची चप्पल. हात जोडून सांगितलं. सावद्याची पावती दाखवली, हे बघ, दहा वाजता मी तिथे होतो, साडेबाराला पण तिथेच होतो. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या तोंडावरचं ते सुख एकेक पदर उतरत गेलं. मला वाटलं, आता पटलं. आता घाबरेल.

ती वाटी घेऊन उठली. म्हणाली, एक दिवस धड वागलात, तोसुद्धा मस्करीत घालवलात.

मला आयुष्यात इतका राग कोणाचा आला नव्हता. कोणाचा ते मला सांगता येत नव्हतं. मी शेहेचाळीस वर्षं त्या बाईला हसवायला धडपडलो, आणि तो एका दुपारी येऊन तेल लावून गेला. आणि मला भीती तीच होती. धंदा त्याने घ्यावा, गिऱ्हाईक घ्यावं, हारुनची मिठीसुद्धा घ्यावी, ती मला तशीही तेलकट लागली. पण ही नाही.

८

पुढचा गुरुवार. दुकान बंद. नूतन प्रदर्शन आटोपून माहेरी राहिलेली, योगेंद्र पाळीवर. मी शटर अर्धं खाली ओढून दुकानात बसलो होतो, गार कढईशेजारी. कुलूप डोळ्यांसमोर पाहिजे म्हणून. शटरखालून उन्हाची एक पट्टी आत आली होती, तेवढाच उजेड.

अकरा वाजून गेले होते. म्हणजे आजचा व्हिडिओ गेला असणार. मी बघितला नाही.

कुलूप आतून कसं निघेल, मला माहीत नाही. पण दार उघडलं आणि कमलबाई चहा घेऊन आली. मी विचारलं, कुलूप? ती म्हणाली, तुम्हीच तर आता काढलं. तिच्या मागे मधली खोली काळी होती, आणि त्या काळ्यात अगदी आत, घडांच्या बाजूला, काहीतरी हिरवं होतं. केळीच असतील. हिरवी तर केळीच असतात.

तिने कप काउंटरवर ठेवला. मी तिचा हात धरला.

म्हटलं, कमल, एक कर. माझं नाव घे.

ती लाजली. त्रेसष्ट वर्षांची बाई, पदर तोंडाशी नेला. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, त्यानंतर आमच्यात कोण नाव घेतं नवऱ्याचं? एवढ्या वर्षांत मला "ऐका", "अहो", "योगेंद्रचे बाबा" याशिवाय दुसरी हाक नाही. म्हणाली, आता काय नवीन सोंग काढलं?

"सोंग नाही," मी म्हटलं. "एकदाच घे. नुसतं नाव. मला ऐकायचंय."

माझ्या आवाजात काहीतरी असणार. ती हसायची थांबली. माझ्याकडे नीट बघितलं, तोंडाकडे, माझ्या त्या खिंडीकडे. मला वाटलं, ओळखलं हिने. ही ओळखते मला. आता हिने नाव घेतलं की मी ओ देईन, आणि संपलं. तीस दिवसांचं सगळं तिथेच संपलं. मला दुसरं काही नको होतं.

तिने खाली बघितलं. बांगड्या मागे सारल्या. आणि अगदी हळू, जणू शेजारच्यांना ऐकू जाईल या भीतीने, म्हणाली, "उखर्डू."

माझं तोंड उघडलेलंच होतं.

"ओ," मधल्या खोलीतून आवाज आला.

कमलबाईने मान वळवली. बाजारात पाठीमागून आपलं माणूस हाक मारतं तेव्हा मान वळते, तशी. तिचं तोंड उजळलं. काउंटरवरचा कप तिने परत उचलला, भरलेला, वाफ निघत असलेला, आणि ती दाराकडे चालायला लागली. मी हाक मारली. घशातून नुसती हवा आली.

उंबऱ्यावर ती थांबली. माझ्याकडे वळली. मला बघून तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, कपाळापर्यंत, कोणी बाहेरचा पुरुष समोर असला की ओढते तसा.

"भाऊ," ती म्हणाली, "दुकान आज बंद शे. उद्या या."